मरुभूमीचे ताट आणि पेढीवरचा डबा

राजस्थानी भोजन म्हटले की आज डोळ्यांसमोर उभी राहते ती तुपात बुडालेली बाटी, चुरम्याचा ढीग, तेलाचा तवंग आलेली गट्ट्यांची भाजी आणि शेवटी घेवर. हे चित्र विवाहसमारंभांनी आणि उपाहारगृहांनी घडविले आहे. मारवाडातील ज्या घरांतून लोटा-दोरी घेऊन ओसवाळ, पोरवाड व्यापारी नगर, पुणे, खानदेश आणि वऱ्हाडाकडे आले, त्या घरांतले रोजचे ताट याहून पुष्कळ साधे, कोरडे आणि मोजके होते. स्थलांतरात सणाचे ताट टिकले. रोजचे मागे पडले.

ते रोजचे ताट पावसाने ठरविलेले होते. जैसलमेरकडे वर्षाकाठी 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा भूमीत पालेभाजी रोजची होऊच शकत नव्हती. पिकत असे ती बाजरी, मोठ, मूग आणि गवार. आणि आपोआप वाढत ती खेजडी, केर, कुमटिया ही काटेरी झाडे. खेजडी म्हणजे महाराष्ट्रात दसऱ्याला पूजिली जाणारी शमी. तिच्या कोवळ्या शेंगा, म्हणजेच सांगरी, उकडून उन्हात वाळवीत. केराची हिरवी फळे इतकी कडू-तुरट की ती मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस मुरवावी लागत, पाणी पुनःपुन्हा बदलावे लागे, तेव्हा कुठे ती खाण्याजोगी होत. त्यांत कुमटियाच्या बिया, सुकविलेला गुंदा म्हणजे भोकर आणि आमचूर मिसळले की पंचकुटा सिद्ध होई. ही भाजी वर्षभर टिके. विक्रम संवत 1956 च्या दुष्काळात, ज्याला मारवाडात ‘छपनिया’ म्हणतात, लोकांनी खेजडीची सालही दळून खाल्ली. त्याच्याही आधी, 1730 मध्ये, जोधपूरजवळच्या खेजडली गावी अमृतादेवींसह 363 बिश्नोई स्त्रीपुरुषांनी याच झाडांसाठी प्राण दिले होते. ज्या झाडाने माणसे जगविली, त्याचे मोल त्या भूमीला ठाऊक होते.

टंचाईने लावलेल्या या सवयींवर जैन स्वयंपाकघराने व्रतांची घडी बसविली. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून मुगवड्या, पापडाची भाजी, गट्टे. कंदमूळ नाही, कांदा-लसूण नाही. चव आणायची ती हिंग, जिरे, आमचूर आणि ताकाने. द्विदलाचा दोष टळावा म्हणून कढीचे ताक आधी तापवायचे, बेसन मागाहून. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवसांची आहे. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्यामुळे तिचे पीठ लवकर कडू पडते, हे महिनाभराचे पीठ एकदम दळून आणणाऱ्या प्रत्येक घराला अनुभवाने कळते. जीवदयेसाठी घातलेली मर्यादा येथे जिभेलाही पटते.

बाजरी आणि मोठ यांची जोडीही विचार करण्याजोगी आहे. मोठ म्हणजे महाराष्ट्रातली मटकी. बाजरीत लोह, मॅग्नेशियम आणि तंतू चांगले. परंतु लायसिन हे प्रथिनघटक द्रव्य कमी. ते कडधान्यात मुबलक असते. भाकरी आणि मटकी एका ताटात आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. मैदा आणि पांढऱ्या भाताच्या मानाने हे अन्न सावकाश पचते आणि भूक अधिक वेळ शमविते.

तथापि या आहाराची भाबडी स्तुती करण्याचे कारण नाही. पापड-लोणच्यांत मीठ फार. रक्तदाबाच्या रुग्णाला ते मानवत नाही. ताज्या भाज्या-फळांची उणीव ही मरुभूमीची लाचारी होती, आदर्श नव्हे. महाराष्ट्रात ती जपण्याची गरज नाही. थायरॉइडचा विकार असलेल्याने रोज बाजरी घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि तूप? उंटांच्या तांड्याबरोबर कोस-कोस चालणाऱ्या, खोल विहिरीचे पाणी ओढणाऱ्या देहाला ते पचत होते. पेढीवर दहा-बारा तास बसणाऱ्याने बाटी तीच ठेवली, चालणे मात्र सोडून दिले. मधुमेह व्यापारी घरांत इतका ओळखीचा झाला आहे, त्याचा एक धागा येथे सापडतो.

दुसरा धागा घड्याळात आहे. चौविहाराचा हेतू अहिंसा आणि संयम. आरोग्य हे त्याचे आनुषंगिक फळ. ठरावीक तासांतच जेवण्याच्या पद्धतीवर अलीकडे पुष्कळ संशोधन चालू आहे आणि त्याचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. परंतु रात्री साडेनऊला दुकान वाढवून, भरपेट जेवून लगेच अंथरुणावर पडण्याचे समर्थन कोणीच करीत नाही. अडचण खरी आहे: गिऱ्हाईक दिवेलागणीनंतरच येते. म्हणून काही घरांत पाच-साडेपाचला डबा पेढीवर पोहोचतो: लहानशी बाजरीची भाकरी, मटकी, कढी. पोट थोडे रिते ठेवून उठणे, म्हणजे ऊनोदरी, हे बाह्य तपांपैकी एक. डब्यात ते आपोआप साधते, कारण आग्रह करणारे कोणी समोर नसते. मात्र हा डबा भरण्यासाठी कोणाची दुपार ओट्याशी जाते, हेही घरातल्या पुरुषांनी पाहिले पाहिजे. पुरुषांचे चौविहार आणि स्त्रियांची दगदग, अशी वाटणी योग्य नव्हे. शिवाय मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात.

या ताटासाठी मारवाडातून काही मागविण्याचीही गरज नाही. सुकी सांगरी आज किलोला हजार रुपयांच्या पुढे गेली आहे. ती पाहुण्यांसाठी असू द्यावी. नगर-नाशिककडची बाजरी, गावातल्या बाजारातली मटकी, उन्हाळ्यात भोकरे, आणि गवारीच्या शेंगा. या शेंगा किंचित उकडून गच्चीवर कडक उन्हात वाळविल्या की तिथीच्या भाजीची सोय होते. चातुर्मासात सुकवणी चालते की नाही, ते आपापल्या परंपरेप्रमाणे महाराजसाहेबांना किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे.