अग्निवीराच्या आईलाही पेन्शन हवी

९ मे २०२५. ‘ऑपरेशन सिंदूर’चे दिवस. उरी भागात नियंत्रण रेषेवर पाकिस्तानी तोफमाऱ्यात मुरली नाईक हा विशीतला अग्निवीर, म्हणजे अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती झालेला जवान, धारातीर्थी पडला. गाव आंध्रातले, पण आईवडील घाटकोपरच्या कामराज नगरात कष्ट करून राहिलेले, म्हणजे पोरगा आपल्याच उपनगरातला. नियमित जवानाच्या घरच्यांना मिळते ती कुटुंब पेन्शन अग्निवीराच्या घरी का नाही, हे विचारायला त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

“कोटभर रुपये मिळतात की!” असे लगेच ऐकवले जाते. मिळतात, हे खरेच. ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवानिधी, उरलेल्या मुदतीचा पगार. पण विमा आणि सानुग्रह अनुदान नियमित जवानाच्या घरीही जाते, आणि वर पेन्शन सुरू होते ती वेगळी. मग एकाच्या आईला एकरकमी देऊन मोकळे व्हायचे, हा कुठला न्याय?

दुसरे म्हणतात, अटी ठाऊक असूनच सही केली ना? अहो, २०२२ पासून जवान म्हणून भरती व्हायला दार एकच उरले आहे, अग्निपथाचे. दुसरी वाटच ठेवली नाही, तिथे पोराने निवडले काय?

खरा मुद्दा तिसरा, आणि तो भल्याभल्यांना पटतो: चार वर्षांच्या नोकरीला पेन्शन कसली? सैन्य तरुण राहावे, पेन्शनचा बोजा हलका व्हावा, हा युक्तिवाद चार वर्षांनी सुखरूप घरी येणाऱ्यांपुरता समजू शकतो. त्यावर वाद वेगळा घालू. जो परतलाच नाही त्याला तो लागू कसा होतो? युद्धात पडलेल्या नियमित जवानाच्या घरी उदारीकृत कुटुंब पेन्शन देताना नोकरी किती वर्षे झाली हे पाहतच नाहीत. प्रशिक्षण संपवून कालच पलटणीत आलेला असला तरी ती मिळते. तिथे सेवेचा काळ नाही, मरण मोजले जाते. मग मुरलीच्या बाबतीतच चार वर्षांचे कॅलेंडर कशाला काढता? चौकी तीच होती, मारा तोच होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाण्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते सियाचीनमध्ये मृत्युमुखी पडला, तेव्हाही हाच प्रश्न उठला होता. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित जवानाइतकेच लाभ द्यावेत, अशी शिफारस केलेली आहे. नवे काही शोधायचे नाही, आहे तो नियम लावायचा आहे.

अग्निवीराचा पहिल्या वर्षीचा पगार महिना ३०,०००. त्यातले ९,००० सेवानिधीत कापून २१,००० हातात येतात. मोलमजुरीच्या घरात महिन्याचे किराणा-भाडे अशाच पैशावर चालते, आणि मुलगा गेला की तो ओघ थांबतो. तो पुन्हा सुरू करा. दरमहा, ठरल्या तारखेला, आईच्या खात्यावर, ती आहे तोवर.