रकान्याबाहेरचा प्राध्यापक

पावसाने दोन तासांत एखाद्या शहराची दाणादाण उडवली की संध्याकाळी सहाच्या सुमारास वृत्तपत्राच्या कचेरीतून विद्यापीठात फोन जातो. ‘सर, याला ढगफुटी म्हणायचं का? दोन ओळी हव्या होत्या, साडेसातपर्यंत.’ पलीकडून बहुधा तीनपैकी एक उत्तर येते. ‘वरून परवानगी घ्यावी लागेल.’ ‘सांगतो, पण माझं नाव नको.’ किंवा ‘इंग्रजीत मेल करतो, तुम्ही भाषांतर करून घ्या.’ एका छोट्या क्षेत्रावर तासाभरात १०० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस कोसळला तर हवामानशास्त्र त्याला ढगफुटी म्हणते. वृत्तपत्रांत मात्र ती उठताबसता होते, कारण हा फरक ज्यांना ठाऊक आहे ते बोलत नाहीत. ज्याने त्या शहराच्या नाल्यांचा अभ्यास करण्यात दहा वर्षे घालवली तो घरी बसून बातम्या पाहतो आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याच्या जागी बोलतो तो सर्वज्ञ, ज्याचा नंबर वार्ताहराच्या फोनमध्ये आधीपासून असतो.

हे सगळीकडे असेच आहे असे नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांतले प्राध्यापक गेली कित्येक दशके वृत्तपत्रांत लिहीत आले आहेत, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. सोयाबीनवर पिवळा मोझॅक दिसू लागला, कपाशीत गुलाबी बोंडअळी आली, की आठवड्याच्या आत लेख येतो. त्यात रोगाची लक्षणे असतात, पांढरी माशी तो कसा पसरवते हे असते, आणि दहा लिटर पाण्यात औषध किती घालायचे तेही असते. मंगळवार आणि शुक्रवार हे तर हवामानावर आधारित कृषी सल्ल्याचे ठरलेले वार. लेखाखाली बऱ्याचदा लेखकाचा मोबाइल क्रमांकही असतो. मग सकाळी सातलाच कुणी शेतकरी फोन करून विचारतो, ‘साहेब, तुम्ही लिहिलेलं औषध आमच्या तालुक्यात मिळत नाही, दुसरं कोणतं?’ त्या प्रश्नाने प्राध्यापकाला जे कळते ते परिसंवादाच्या तीन दिवसांत कळत नाही. या विद्यापीठांना हे जमते याचे कारण तिथली माणसे अधिक सेवाभावी आहेत असे नव्हे. शिक्षण आणि संशोधन यांच्या जोडीला ‘विस्तार’ हे तिसरे काम तिथे पहिल्यापासून नोकरीचाच भाग आहे. त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो, पदे असतात, तरतूद असते.

बाकीच्या विद्यापीठांत कागदोपत्री तरी वेगळे काय आहे? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ उघडून पाहावा. विद्यापीठाची उद्दिष्टे सांगताना त्यात ज्ञानाची निर्मिती आणि जतन यांच्याही आधी ज्ञानाचा प्रसार येतो. व्यवहारात मात्र प्राध्यापकाचे आयुष्य ठरते ते दुसऱ्याच कागदावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतील संशोधनगुणांच्या तक्त्यात मान्यताप्राप्त नियतकालिकातील निबंधाला विज्ञानशाखांत ८, तर भाषा व सामाजिक शास्त्रांत १० गुण मिळतात. पुस्तकाला गुण आहेत, पुस्तकातल्या प्रकरणालाही आहेत. लाखभर लोक वाचतील अशा लेखासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. पदोन्नतीची फाइल तयार करणारा सहायक प्राध्यापक मग वृत्तपत्राच्या रकान्याकडे कशाला पाहील?

याचे उत्तर म्हणून लेखालाही गुण द्या, अशी सूचना लगेच पुढे येते. आम्हाला ती मान्य नाही. गुणांनी शोधनिबंधांचे काय केले ते समोर आहे. पैसे भरले की आठ दिवसांत निबंध छापून देणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली, त्यांना चाळणी लावण्यासाठी आयोगाने ‘केअर’ यादी केली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये ती यादीही बाजूला ठेवली. उद्या वृत्तपत्रीय लेखाला दोन गुण ठेवले तर आमच्या टपालात ‘प्रस्तुत लेखात सदर विषयाचा आढावा घेण्यात येत आहे’ अशा सुरुवातीच्या मजकुराचा पूर येईल. आजही प्राध्यापकांकडून येणाऱ्या मजकुरात जयंती-पुण्यतिथीचे लेख इतके असतात की कॅलेंडर न पाहता तारीख सांगता यावी.

डॉ. जयंत नारळीकरांना असा कुठलाच गुण मिळवायचा नव्हता. १९७४मध्ये, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक असताना, त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव तयार केले होते, आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात होती. बक्षीस जगतापांना मिळाले. (नाव कुठल्या तरी निबंधावर चौथ्या क्रमांकाने तरी चिकटावे म्हणून चाललेली आजची खटपट पाहता हे पुराणातले वाटते.) पण त्यांचे दुसरे उदाहरण आमच्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. मे २००८मध्ये पुण्यात पत्रकार परिषद घेऊन त्यांनी ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. हुशार आणि मतिमंद मुलांच्या प्रत्येकी शंभर पत्रिका गोळा केलेल्या होत्या. त्यांतल्या ४० प्रत्येक ज्योतिषाला द्यायच्या आणि कोणती कुणाची ते त्याने ओळखायचे. पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते सोबत होते. वर्तमानपत्रांतून हे आवाहन गेले म्हणून ज्योतिषी पुढे आले. २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि ती सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवून ठरवले असते तरी पन्नासच्या आसपास जमले असते. निष्कर्ष २००९मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले. संशोधन आधी आणि प्रसिद्धी मागाहून, असा क्रम इथे नव्हताच. वृत्तपत्र हे त्या प्रयोगाचे एक उपकरण होते.

नारळीकरांना परवानगी मागावी लागली नाही, कारण ते नारळीकर होते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुणाचे तसे नाही. त्याने जिल्ह्यातल्या वाळूउपशावर लिहिले तर पुढच्या जूनमध्ये त्याच्या तासिका राहतील का, हा प्रश्न काल्पनिक नाही. मोठ्या नावांनाही कवच असतेच असे नाही. स्तंभलेखक म्हणून देशभर वाचले जाणारे राज्यशास्त्रज्ञ प्रताप भानू मेहता यांना मार्च २०२१मध्ये अशोका विद्यापीठ सोडावे लागले, ते आपण संस्थेला राजकीयदृष्ट्या जड होत आहोत हे ध्यानात आल्याचे सांगत. सरकारचा एक पैसा वेतनात नसलेल्या संस्थेत हे घडते, तर अनुदानावर जगणाऱ्या महाविद्यालयात काय होईल हे निराळे सांगायला नको. तेव्हा विद्यापीठांनी गुणांचा नवा तक्ता करण्यापेक्षा एक साधे परिपत्रक काढावे: आपल्या विषयावर, आपल्या नावाने लिहिण्या-बोलण्यासाठी कुणाचीही पूर्वपरवानगी लागणार नाही. आणि लिहिण्यासाठी वेळ द्यावा. निवडणूक, परीक्षा, ‘नॅक’ आणि तऱ्हेतऱ्हेच्या पोर्टलवर माहिती भरणे यांतून उरलेल्या वेळात लिहिले जाते ते जयंतीचेच असते.

आता आमच्याकडे. २०११मध्ये ऑस्ट्रेलियात ‘द कॉन्व्हर्सेशन’ हे संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा त्याची रीत साधी ठेवली गेली. लिहायचे प्राध्यापकाने, संपादन व्यावसायिक पत्रकाराने करायचे, लेखकाने मंजुरी दिल्याशिवाय काही छापायचे नाही आणि संशोधनाला पैसा कुणाचा होता ते लेखासोबत जाहीर करायचे. त्यांचे लेख इतरांना फुकट पुनर्मुद्रित करता येतात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी मिळून मराठीत अशी व्यवस्था उभी करायला अभिजात दर्जाइतकी वाट पाहण्याचे कारण नव्हते, आणि आता तर तो दर्जाही ऑक्टोबर २०२४मध्ये मिळाला आहे. पण तिची वाट पाहत आम्ही हात बांधून बसावे असे नाही. ‘कदाचित’ आणि ‘उपलब्ध माहितीनुसार’ हे शब्द प्राध्यापक जपून वापरतो आणि आमच्या टेबलावर जागेअभावी पहिल्यांदा तेच कापले जातात. मग ‘शक्यता आहे’चे मथळ्यात ‘होणारच’ होते आणि दुसऱ्या दिवशी विभागातले सहकारी त्या बिचाऱ्याची फिरकी घेतात. एकदा असे पोळलेला माणूस पुन्हा फोन उचलत नाही, आणि त्याला भित्रा ठरवून आम्ही मोकळे होतो. अर्थसंकल्पाच्या दिवशी, निकालाच्या दिवशी, भूकंपाच्या दिवशी तीच चार नावे छापण्याची सवयही आमचीच.

यंदाच्या पावसाळ्यापासून या दैनिकात बाहेरच्या अभ्यासकाचा लेख छापण्यापूर्वी त्याचा मथळा लेखकाला दाखवला जाईल, आणि फोन सकाळी दहाला जाईल.