लांडोरीची अंडी कोंबडीखाली नकोत


सोयाबीनमध्ये सापडलेली लांडोरीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत, हा आपल्या पत्रलेखकाचा सल्ला सद्हेतूचा, पण घातक आहे. कोंबडीच्या आतड्यातल्या जंतांवाटे पसरणारा 'ब्लॅकहेड' रोग मोराच्या पिलांच्या जिवावर उठतो. कोंबडीला मात्र त्याचं फारसं काही होत नाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे, अंडी उचलणं हीही शिकारच.

लांडोर साधारण २८ दिवस अंडी उबवते. तेवढे दिवस तो तुकडा कोळपू नये, फवारू नये. खुणेची काठी जरा लांबच रोवावी, नाहीतर कुत्र्यांना आणि पोरांना आयता पत्ता मिळतो. पिलं निघाली की लवकरच आईमागे चालू लागतात, रान मोकळं होतं.

मोर पेरलेलं उकरतात, ही पत्रलेखकाची तक्रार मात्र खरी. भुईमुगात मीही ते सोसतो.

— एक शेतकरी वाचक