बरोबर असणाऱ्याने आधी थांबायचं

धुळ्याहून मालेगावच्या रस्त्याला लागलं की लळिंगचा किल्ला दिसतो. दुसऱ्या दिशेला, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर थाळनेर आहे. खानदेशावर दोनशेहून अधिक वर्षं राज्य केलेल्या फारुकी घराण्याची ही दोन जुनी ठाणी. १३९९मध्ये मलिक राजा वारला तेव्हा थोरला मुलगा नसीर लळिंगला होता आणि धाकटा हसन थाळनेरला. पुढचं खानदेशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला इतिहास न वाचता सांगता येईल. १४१७मध्ये नसीरने माळव्याच्या हुशंगशाहला मदतीला घेऊन थाळनेर जिंकलं आणि भावाला कैदेत टाकलं. त्याच जोरावर नसीर आणि हुशंगशाह यांच्या फौजा गुजरातच्या मुलखावर चालून गेल्या. तिथे मार बसला आणि नसीरला गुजरातच्या अहमदशाहची ताबेदारी पत्करावी लागली. सख्ख्या भावाशी जमलं नाही, परक्यापुढे मात्र मान झुकवली.

आज थाळनेरच्या जागी शेताचा बांध असतो आणि माळव्याच्या सुलतानाच्या जागी वकील. जामनेर असो की साक्री, भाऊबंदकी धर्म विचारून येत नाही. यावल-रावेरच्या तडवी पाड्यांत ती आहे, जळगावच्या बंगल्यांत आहे आणि आमच्या धुळ्याच्या मोहल्ल्यातही आहे. दोन्हीकडची वाक्यंसुद्धा सारखीच. पहिलं, “मीच बरोबर शे.” दुसरं, “तो बोलना ते मी बोलसू.” ही दोन वाक्यं समोरासमोर उभी राहिली की वीस-वीस वर्षं जातात. मुलांची लग्नं एकमेकांशिवाय उरकतात, आणि मूळ भांडण कशावरून होतं ते नव्या पिढीला विचारून घ्यावं लागतं.

इस्लामची शिकवण नेमकी या पहिल्या वाक्याला हात घालते. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात पैगंबर मुहम्मद (स.) यांनी एक हमी दिली आहे: आपली बाजू खरी असूनही जो वाद सोडून देईल, त्याला जन्नतच्या कडेला घर मिळेल. हे घर चुकलेल्यासाठी नाही. चूक उघडी पडल्यावर गप्प बसण्यात पुण्य कसलं? बरोबर असणाऱ्यालाच थांबणं जड जातं, कारण त्याच्या हाती पुरावा असतो, साक्षीदार असतात आणि चार लोकांची वाहवाही असते. म्हणून बक्षीस त्याला.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत शब-ए-कद्र या पवित्र रात्रीच्या शोधात लोक रात्री जागवतात. ती रात्र नेमकी कोणती, हे आपल्याला ठाऊक का नाही? बुखारींच्या संग्रहात याचं उत्तर आहे. पैगंबर ती रात्र सांगायला घराबाहेर आले, तर दोन मुसलमान आपसात भांडत होते, आणि ते ज्ञान उचलून घेतलं गेलं. ही हदीस भांडणाचं कारण सांगत नाही आणि दोघांत कोण बरोबर होता तेही सांगत नाही. नुकसान मात्र दोघांपुरतं राहिलं नाही. साऱ्या उम्मतच्या हातून तो पत्ता गेला.

मग स्वतः पैगंबर कसे वागले? इ.स. ६२८मध्ये उमऱ्यासाठी निघालेला त्यांचा काफिला मक्केच्या अलीकडे हुदैबियाला अडवला गेला. तहाचा मजकूर लिहिताना कुरैशांचा वकील सुहैल बिन अम्र ‘अल्लाहचे रसूल’ या शब्दांवर अडून बसला. ते खोडायला हजरत अली तयार होईनात. तेव्हा पैगंबरांनी ते स्वतः पुसले आणि जागी ‘मुहम्मद बिन अब्दुल्लाह’ लिहवून घेतलं. त्या वर्षी उमरा न करताच परतायचं, ही अटही मान्य केली. हजरत उमरांसारख्यांनाही ते पचेना. पण तुम्ही मानलं नाही तरी मी रसूल आहेच, हे पैगंबरांनी तिथेच बोलून दाखवलं होतं. कागदावरचे शब्द गेले, दावा जागेवर राहिला. दोन वर्षांत मक्केचे दरवाजे उघडले. हक्क आणि हेका यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार?

“तो बोलना ते मी बोलसू” या दुसऱ्या वाक्याचाही बंदोबस्त आहे. मुसलमानाने आपल्या भावाशी तीन दिवसांहून जास्त अबोला धरू नये, आणि दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो. अट एवढीच. आधी कोण चुकला, याचा हिशेब त्यात नाही.

क्षुल्लक वाद कुठवर जातो, हे धुळ्याला शिकवावं लागू नये. ६ जानेवारी २०१३ला मच्छीबाजार परिसरात एका खानावळीच्या बिलावरून बाचाबाची झाली. तिची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. त्या गोळीबाराबद्दल प्रश्न विचारणं हा हेका नव्हे. न्याय मागणं हे या शिकवणीत कुठेही निषिद्ध नाही. पण बिलाचा वाद बिलापाशीच थांबवणारा एखादा माणूस त्या दुपारी पुढे झाला असता, तर धुळ्याच्या डोक्यावरचं केवढं ओझं टळलं असतं!

इथे एक धोका सांगायलाच हवा. ही शिकवण आपण सोयीने वापरतो. कुरआनाने बापाच्या मालमत्तेत मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. तरी वाटणीच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं, आणि तिने सही टाळली की तीच हट्टी ठरते, तीच घर फोडणारी ठरते. तेव्हा तिला सबुरीची हदीस ऐकवणारे भाऊ मी पाहिले आहेत. माघार घेणं मोठं खरं, पण ती स्वतःच्या हक्कातून घ्यायची असते. दुसऱ्याचा हक्क दाबून ठेवायचा आणि त्यालाच वाद सोडायला सांगायचं, यात जन्नतचं घर कुणालाच मिळत नाही.

दर जुम्म्याला आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी एखादी हदीस येते. टाकणाऱ्याने ती चुलतभावासाठी टाकलेली असते, आणि चुलतभावालाही ते बरोबर कळतं. तासाभरात तो दुसरी टाकतो. ग्रुपवर भांडण नाही, फक्त हदीसच आहेत, आणि बोलणं मात्र बंद ते बंदच. यापुढे अशी हदीस आली तर ती पुढे ढकलू नका. जिच्याशी किंवा ज्याच्याशी अबोला आहे, त्याच नंबरला फोन लावा आणि आधी सलाम करा. कोण बरोबर होतं, हा विषय काढूच नका, तुम्ही बरोबर असलात तर अजिबातच नको.