संशोधनाचा प्रश्न बागेतून यावा

फळबागेचा हिशेब एका हंगामात मिटत नाही. गव्हाचे वा सोयाबीनचे वाण फसले, तर शेतकरी पुढच्या वर्षी बियाणे बदलतो. द्राक्षाचा खुंट किंवा संत्र्याचे कलम चुकले, तर त्याची किंमत बागेच्या आयुष्यभर मोजावी लागते. त्यामुळे फळपिकांच्या बाबतीत संशोधनाचा विषय कोण ठरवतो, याला विशेष महत्त्व आहे. आज बहुतेक वेळा विषय संस्थेत ठरतो, प्रयोग प्रक्षेत्रावर होतो आणि बागायतदाराची गाठ शेवटी, शिफारशीच्या वेळी पडते. हा क्रम बदलण्याची गरज आहे.

महाराष्ट्रातील द्राक्षशेतीचा इतिहास याबाबत पुरेसा बोलका आहे. ‘तास-ए-गणेश’ हा वाण तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी, तर ‘सोनाका’ हा नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडला. ‘थॉम्पसन सीडलेस’च्या बागेत वेगळी दिसणारी वेल हेरणारे डोळे बागायतदाराचे होते. राज्य द्राक्ष बागायतदार संघाची चर्चासत्रे आणि मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांमुळे या अनुभवाला पुढे शास्त्राची जोड मिळाली.

तरीही हा संवाद जेथे तुटला, तेथे मोठी किंमत मोजावी लागली. पाणीटंचाई आणि क्षारयुक्त जमीन यांवर उपाय म्हणून ‘डॉग्रिज’ खुंट सर्वत्र पसरला व त्याने अनेक बागा तारल्या. मात्र हा खुंट वेलीला जोमदार वाढ देतो आणि अति जोम हा घडनिर्मितीचा शत्रू आहे. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर ही वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतील ‘सीसीसी’, वापरात होतेच. २०१० मध्ये युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत त्याचे अंश किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि माल अडकला. बागायतदाराने वाढरोधक वापरले ते घड मिळावेत म्हणून. निर्यातदाराची नजर दर्जा व दरावर होती. तपासणीचे लक्ष प्रामुख्याने कीडनाशकांवर होते. खुंट, घड आणि अवशेष हे तिन्ही एकाच वेलीचे प्रश्न असूनही ते तीन वेगळ्या टेबलांवर राहिले. नुकसान झाल्यावर मात्र सारे एकत्र आले, तपासणीची यादी सुधारली आणि वापराचे वेळापत्रक बदलले. हेच एकत्र बसणे आधी घडले असते, तर त्या हंगामाचा घाव बराच हलका झाला असता.

ही कथा केवळ द्राक्षाची नाही. मुझफ्फरपूरची शाही लिची तोडणीनंतर दोन-तीन दिवसांतच साल तपकिरी पडल्याने बाजारात मागे पडते. तिच्या उत्पादकाला अधिक उत्पादनापेक्षा टिकवणक्षमता हवी आहे. विदर्भातील संत्रा उत्पादक आंबिया बहरातील फळगळीचे उत्तर शोधतो आहे. प्रत्येक ठिकाणी खरा प्रश्न बागेला आधी कळतो. तो संशोधन आराखड्यापर्यंत पोहोचवणारी खात्रीची वाट मात्र नाही.

ही वाट बांधता येईल. प्रकल्प मंजूर होण्यापूर्वी त्या पिकाच्या उत्पादक संघांनी प्राधान्यक्रमाने प्रश्नांची यादी द्यावी आणि कोणता प्रश्न घेतला, कोणता व का वगळला, याचे लेखी उत्तर संस्थेने द्यावे. चाचण्या वेगवेगळ्या जमिनींतील बागायतदारांच्या बागांत किमान दोन-तीन हंगाम व्हाव्यात आणि चाचणीतील नुकसानीची भरपाई प्रकल्पाच्या निधीतून मिळावी. फसलेल्या प्रयोगांचे निष्कर्षही प्रसिद्ध व्हावेत. एका बागेतील अपयश शंभर बागा वाचवू शकते. खर्चाचा प्रश्नही टाळून चालणार नाही. ऑस्ट्रेलियात फळ उत्पादक विक्रीवर ठरावीक संशोधन शुल्क भरतात आणि शासन त्यात आपला वाटा घालते. जो पैसे देतो, तो हिशेब मागतो आणि निष्कर्षांची वाटही पाहतो. भारतातील उत्पादक संघ व उत्पादक कंपन्यांनी असा प्रयोग एखाद्या पिकापासून सुरू करण्यास हरकत नसावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘उद्योगाभिमुख’ याचा अर्थ निविष्ठा विक्रेता किंवा मोठा निर्यातदार सांगेल ते संशोधन, असा होता कामा नये. एक-दोन एकरांवर स्थानिक बाजारासाठी फळे पिकवणारा शेतकरीही उद्योगाचाच भाग आहे. प्रश्न ठरवणाऱ्या समितीत त्याची जागा राखीव नसेल, तर जुनीच विषमता नव्या नावाने चालू राहील. शिवाय वाणसंवर्धनासारखी दशकभर चालणारी कामे तातडीच्या मागणीखाली गाडली जाऊ नयेत, याची जबाबदारी शासकीय निधीनेच उचलली पाहिजे.

या सगळ्या व्यवस्थेत विस्तार कार्यकर्त्याचे स्थान मध्यवर्ती आहे. आजवर त्याच्याकडे शिफारस खाली पोहोचवणारा म्हणून पाहिले गेले. यापुढे बागेतील प्रश्न नेमकेपणाने नोंदवून तो वर पोहोचवणे, हेही त्याचे तितकेच मोलाचे काम मानले जावे आणि त्याच्या कामाच्या मूल्यमापनात त्याला स्थान मिळावे. किती बागायतदारांना शिफारस सांगितली, याच्या जोडीला किती बागायतदारांचा प्रश्न संशोधनाचा विषय झाला, हेही मोजले गेले, तर प्रयोगशाळा आणि बाग यांतील अंतर खऱ्या अर्थाने कमी होऊ लागेल.