नळीचा रोजमेळ

स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया पार पडते, रुग्ण घरी येतो. पोटातून निघालेली एक नळी मात्र काही दिवस तशीच राहते. तिच्या टोकाच्या पिशवीत रोज थोडा द्रव जमतो. भेटीला आलेल्या नातलगांची नजर तेथेच जाते आणि कुजबुज सुरू होते, "टाके सुटले वाटतं. ऑपरेशन फसलं." कोणी नळी लवकर काढण्याचा आग्रह धरतो, कोणी दुसऱ्या शहरातील डॉक्टरांचे नाव सुचवतो. ही भीती स्वाभाविक आहे, पण बहुधा ती चुकीच्या गोष्टीची असते.

जठराच्या मागे आडवी असलेली ही ग्रंथी अन्न पचवणारे तीव्र रस निर्माण करते. व्हिपल शस्त्रक्रियेत ग्रंथीचे डोके काढून उरलेला भाग बहुधा लहान आतड्याला जोडतात. ग्रंथी आजाराने कठीण झालेली असेल तर टाका चांगला धरतो. ती निरोगी, मऊ आणि तिची वाहिनी बारीक असेल तर सांध्यातून रस पाझरण्याचा धोका वाढतो. कुशल हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही असे घडते. पाझरणाऱ्या रसाला बाहेर वाट मिळावी म्हणूनच ती नळी ठेवलेली असते.

तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर नळीतील द्रवाचे अमायलेज तपासतात. ते रक्तातील सामान्य कमाल पातळीच्या तिपटीहून अधिक असेल तर रस पाझरत आहे असे समजतात. रुग्णाला त्रास नसेल आणि उपचार बदलावे लागत नसतील, तर २०१६ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार त्याला खरा फिस्टुला म्हणतही नाहीत.

नळी तुंबली किंवा सरकली तर द्रव आत साचतो. लहान साठा त्रास देत नसेल तर डॉक्टर केवळ लक्ष ठेवतात. अनेक साठे आपोआप जिरतात. ताप, वाढती पोटदुखी किंवा उलट्या सुरू झाल्या तर सीटी स्कॅन करतात आणि गरजेनुसार सोनोग्राफी किंवा सीटीच्या आधारे त्वचेतून नवी नळी घालतात. काही वेळा एंडोस्कोपीने जठराच्या भिंतीतून साठ्याला आत वाट करून देतात. पोट पुन्हा उघडण्याची वेळ थोड्यांवरच येते.

खरे भय रक्ताचे आहे. साचलेला रस जवळच्या धमनीची भिंत कुरतडू शकतो. मोठ्या रक्तस्रावापूर्वी कधीकधी नळीत थोडेसे ताजे रक्त दिसते, रक्ताची उलटी होते किंवा शौच डांबरासारखे काळे होते. मग सारे थांबल्यासारखे वाटते आणि घरचे निर्धास्त होतात. हा थांबा फसवा असू शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही असे घडते. सकाळची वाट न पाहता रुग्णाला त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे; वेळेत पोहोचल्यास अँजिओग्राफी करून ती धमनी आतून बंद करता येते.

पेढीवर रोजमेळ लिहिणाऱ्या घराला आणखी एक वही जड नाही. तारीख, वेळ, द्रव किती मिलिलिटर, रंग कसा, ताप किती, एवढ्या नोंदी पुरेत. गढूळ, दुर्गंधीयुक्त, हिरवा किंवा लाल द्रव दिसला, द्रव एकाएकी थांबला, ताप १०१ अंश फॅरेनहाइटकडे गेला किंवा नळीभोवतीची कातडी सोलवटली, तर लगेच कळवावे. नळी स्वतः ओढू नये, मुडपू नये.

आहाराबाबतही मोकळेपणा हवा. रुग्णाला थोडे थोडे, अनेकदा खावे लागते. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घराने तसे आधीच सांगितल्यास आहारतज्ज्ञ दिवसातील वेळा बसवून देऊ शकतात. पचनासाठी दिल्या जाणाऱ्या पॅन्क्रियाटिनच्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हे कळल्यावर काही रुग्ण त्या गुपचूप बंद करतात. मग अन्न पचत नाही, शौच तेलकट होते, वजन उतरते आणि डॉक्टर कारण शोधत बसतात. निर्णय रुग्णाचा असला तरी तो डॉक्टरांना सांगून घ्यावा. पर्याय कितपत उपयोगी पडेल हे तेच सांगू शकतील.

प्रत्येक तपासणीला ही वही बरोबर न्यावी. शस्त्रक्रिया केलेल्या विभागाचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक तिच्या पहिल्या पानावर ठळक लिहावा आणि तो घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.