प्रतिपक्षाचा आवाज आणि संतचरित्र

संतचरित्र हा वाङ्मयप्रकार समोर आला की आम्हा अध्यापकांची दोन ठरीव वाचने तयार असतात. एक श्रद्धेचे, दुसरे संशयाचे. पहिल्यात चमत्कार मोजायचे; दुसऱ्यात 'हा सगळा धर्मसत्तेचा प्रचार' म्हणून ग्रंथ मिटायचा. रिम्बर्टने लॅटिनमध्ये लिहिलेले आपल्या गुरूचे, बिशप आन्सगारचे चरित्र मात्र या दोन्ही वाचनांत मावत नाही, असे आमचे मत आहे.

आन्सगार (८०१-८६५) हा मूळचा फ्रान्समधील कॉर्बी मठातला संन्यासी. ८२९ च्या सुमारास तो स्वीडनमधील बिर्का या व्यापारी नगराकडे निघाला. वाटेत चाच्यांनी गाठले आणि उपासनेसाठी जमवलेली चाळीसेक पुस्तके गेली. पुढे तो हाम्बुर्गचा आर्चबिशप झाला. ८४५ मध्ये व्हायकिंगांनी ते नगर लुटून जाळले आणि पुन्हा ग्रंथ गेले. त्याच सुमारास बिर्कात त्याचा एक सहकारी मारला गेला, बाकीचे हाकलले गेले. हौतात्म्याची आस आयुष्यभर बाळगलेला आन्सगार अखेर ब्रेमेन येथे अतिसाराने अंथरुणावर वारला. शिष्यापुढे हा पेचच होता. आयुष्यभराचे कष्ट हेच हौतात्म्य, असा युक्तिवाद तो करतो. तो आम्हाला थोडा ओढूनताणून केलेला वाटतो.

पण रिम्बर्टचे खरे सामर्थ्य अन्यत्र, बहुधा त्याच्याही नकळत, प्रकटले आहे. ८५२ च्या सुमारास आन्सगार पुन्हा बिर्काला गेला. राजा ओलोफ म्हणाला, निर्णय माझ्या एकट्याचा नाही. आधी देवांचा कौल घेण्यात आला, मग लोकसभा भरली. तिथे एक वृद्ध उठतो. आपल्यातले काही जण दोरेस्टाडपर्यंत जाऊन हा धर्म स्वीकारत; आता त्या वाटेवर चाचे आहेत; मग जे इतक्या दूर शोधत होतो ते घरी आले असता का नाकारावे? शिवाय आपले देव रुष्ट झाले तर या देवाचा आधार असलेला बरा. यात पापपुण्याचा उल्लेखही नाही. आहे तो समुद्रावर जगणाऱ्यांचा रोकडा विवेक. 'रानटी' म्हणून ज्यांची बोळवण होते, ते इथे चर्चा करून, सर्वानुमते निर्णय घेतात.

त्याआधीचा प्रसंग तर अधिकच विलक्षण आहे. एक मनुष्य येऊन सांगतो की तो देवांच्या सभेला हजर होता. देवांची तक्रार अशी की नैवेद्य आटले आणि परका देव आणला जातो आहे. आणखी देव हवाच असेल तर तुमचा पूर्वीचा राजा एरिक याला आम्ही आमच्यात घेतो. रिम्बर्टला ही सैतानाची करणी वाटते. तरीही देवांचे गाऱ्हाणे तो सविस्तर लिहून ठेवतो.

चरित्रनायकाचे गुणविशेष लिहा, हा प्रश्न आम्हीही उत्तरपत्रिकांतून वर्षानुवर्षे तपासत आलो आहोत. तो वृद्ध आणि देवांच्या सभेतून आलेला तो मनुष्य यांच्याविषयी मात्र आम्ही कधी प्रश्न काढलेला नाही. दोघांचीही नावे रिम्बर्टने दिलेली नाहीत. एरिकसाठी लोकांनी मंदिर बांधले, एवढे त्याने नोंदवले आहे.